घरकुलाची कपात कुणी जाहीर करत नाही

या महिन्याच्या टपालात घरकुलाशिवाय दुसरा विषय जवळजवळ नाही. धारूरपासून सेनगावपर्यंतची पत्रं आहेत. बीड जिल्ह्यात पंचायत समितीची विस्तार अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. इंदिरा आवासपासून प्रधानमंत्री आवासपर्यंतच्या याद्या माझ्या टेबलावरून गेल्या, म्हणून वाचक हे प्रश्न माझ्याकडे पाठवतात. सगळी पत्रं छापता येणार नाहीत. जी घेतली आहेत, त्यांच्याखाली नावं मुद्दाम दिलेली नाहीत. हप्ता अडकलेला असताना गावात नाव होणं परवडत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं ऊसतोडीला जातो. मंजुरीचं पत्र आलं, पंधरा हजार खात्यात पडले. जुनं माळवद उतरवलं, मुकादमाकडून उचल घेऊन जोतं बांधलं. पुढचा हप्ता काही येईना गेलाय. पंचायत समितीत गेलं की म्हणायलेत, वरूनच पैसे नाहीत. पुढाऱ्यांनी तर दोन लाख दहा हजार सांगितले होते. ते कमी केले का? का आमचेच कापले? लेकरं पत्र्याच्या शेडात झोपायलीत. दसरा झाला की आम्हाला निघावं लागतं.
(ऊसतोड कामगार महिला, धारूर तालुका)

उत्तर : ताई, कागदावर तुमचे पैसे कुणी कमी केलेले नाहीत. पण हातात कमी येतील, आणि ते का, हे हिशोब मांडूनच सांगते, कारण व्यासपीठावरून हा हिशोब कुणी फोड करून सांगत नाही.

दोन लाख दहा हजार ही एकरकमी रक्कम नाही. चार ठिकाणचे पैसे त्यात धरलेले आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेचे १,२०,०००. त्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. शौचालयाचे १२,०००, ते स्वच्छ भारत मिशनमधून. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजानं साधारण २८,०००. आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्यानं दुसऱ्या टप्प्यातल्या लाभार्थ्यांसाठी वाढवलेले ५०,०००. या पन्नासातले ३५,००० बांधकामाचे आहेत आणि १५,००० छतावर एक किलोवॅटचा सौर संच बसवणाऱ्यासाठी. सगळं मिळून दोन लाख दहा हजार होतात.

आता हे तुमच्या घराला लावून बघा. सौर संचाचे पंधरा हजार छत पडून संच बसल्यावरचे आहेत. शौचालयाचं अनुदान तुमच्या कुटुंबाच्या नावावर पूर्वी उचललेलं असेल, तर ते पुन्हा मिळत नाही. रोजगार हमीची मजुरी मस्टरवर हजेरी लागली तरच मिळते, आणि तुम्ही दसऱ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असता. तुमच्या घराचं मस्टर नेमकं तेव्हा निघालं, तर अठ्ठावीस हजार गेले. ही तीन कलमं वजा केली की उरतात एक लाख पंचावन्न हजार. सांगितलेल्या आकड्यात आणि मिळणाऱ्या पैशात पंचावन्न हजारांची तफावत पडते, आणि ती सगळ्यात जास्त ऊसतोड कामगाराच्या घरातच पडते. बीड जिल्ह्यातल्या लाखो लोकांचं वर्ष दसऱ्याला फिरतं हे सरकारला चांगलं माहीत आहे. तरी योजनेचं वेळापत्रक बांधताना त्याचा विचार होत नाही, याची मला नोकरीत असतानाही चीड यायची आणि आजही येते.

तुमच्या हातात काय आहे ते आता सांगते. जोत्याचा जिओ टॅग केलेला फोटो पोर्टलवर चढल्याशिवाय दुसऱ्या हप्त्याची मागणीच पुढे जात नाही. ‘वरून पैसे नाहीत’ हे कधी खरं असतं, पण पुष्कळदा फोटोच चढवलेला नसतो. त्यामुळे पंचायत समितीत गेल्यावर ‘पैसे कधी येणार’ असं विचारू नका. ‘माझ्या जोत्याचा फोटो चढलाय का, आणि एफटीओ निघालाय का’ असं विचारा. या प्रश्नाला मोघम उत्तर देता येत नाही. एफटीओ म्हणजे तुमच्या खात्यात पैसे पाठवायचा आदेश. फोटो नसेल तर गृहनिर्माण अभियंत्याला तिथल्या तिथे तारीख मागा. एफटीओ निघून गेला असेल तर गाडं बँकेत अडलंय. आधारला शेवटी जे खातं जोडलं, तिकडे पैसे वळतात. २०२४ मध्ये लाडकी बहीणसाठी अनेकींनी घाईघाईनं नवीन खाती उघडली आणि आधार तिकडे जोडलं गेलं. जुनं पासबुक भरून भरून बाई थकते आणि पैसे दुसऱ्याच खात्यात पडून असतात. तेही बघून घ्या.

जॉबकार्डावर तुमचं आणि नवऱ्याचं, दोघांचंही नाव असू द्या. गावात असाल तेवढ्या काळात मस्टर काढायला ग्रामरोजगार सेवकाला लेखी मागणी द्या आणि तारखेसह पोच घ्या. वाळूचाही अर्ज तहसीलदारांकडे आत्ताच करा. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, पास पंधरा दिवसांत द्यायचा आहे. वाहतूक मात्र तुमची तुम्हाला करावी लागेल.

राहिला तुमचा खरा प्रश्न. कमी केले का?

माझं उत्तर हो असं आहे. १,२०,००० हा दर २०१६ मध्ये ठरला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज १९२ रुपये होता. २०२५-२६ ला तो ३१२ झाला. हे दोन्ही आकडे सरकारचेच आहेत. मजुरी ज्या पटीनं वाढली त्याच पटीनं घरकुलाची रक्कम वाढली असती, तर ती १,९५,००० झाली असती. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशभरात आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली, तेव्हा दर तोच ठेवला. म्हणजे एका घरामागे पंचाहत्तर हजारांची तूट पडली, आणि राज्यानं बांधकामासाठी दिलेले पस्तीस हजार त्या तुटीच्या निम्मेही भरत नाहीत. गवंड्यानं, लोखंडवाल्यानं, सिमेंटवाल्यानं आपापले भाव थांबवून धरलेले नाहीत. अशा कपातीचा शासन निर्णय निघत नाही. विधानसभेत तिच्यावर मतदान होत नाही, पेपरात मथळा येत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही. रक्कम तिथंच ठेवायची आणि वर्षं जाऊ द्यायची, एवढ्यानं काम होतं.

उशीर ही त्यातलीच दुसरी तऱ्हा. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण आवाससाठी ५४,५०० कोटी धरले होते, सुधारित अंदाजात ते साधारण ३२,४०० कोटींवर आले. वर्षअखेरीच्या त्या कागदावर फक्त ‘सुधारित’ असं लिहिलेलं असतं. गावात त्याचा अर्थ असा, की जोतं उघड्यावर पावसाळा काढतं आणि हप्त्याच्या भरवशावर घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोला आणखी एक हंगाम कोयता धरावा लागतो. हप्ता पुढं आला तरी तो हंगाम कुणी परत देत नाही. मी याला कपातच म्हणते.

प्रश्न : आपण या सदरातून घरकुलाची बाजू नेहमी घेता. मी ३४ वर्षं शिक्षक होतो, कर भरला, कर्ज काढून घर बांधलं. आता आमच्या करातून फुकट घरं वाटली जातात. स्लॅबचं घर असणाऱ्यांनीही घरकुल उचललेलं मी पाहिलं आहे. पुढारी मतांसाठी शब्द देतात, लोकांना हात पसरायची सवय लागते. यात कपात झाली तर बिघडलं कुठे?
(निवृत्त मुख्याध्यापक, लातूर)

उत्तर : गुरुजी, स्लॅबवाल्यांनी घरकुल उचलल्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मीही पाहिलं आहे, आणि अशी नावं गाळायला लावताना धमक्याही ऐकल्या आहेत. पण त्यावरचा उपाय ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचणं हा आहे. सगळ्यांचीच रक्कम गोठवली तर चोराचं काही बिघडत नाही. त्याच्याकडे स्लॅब आहेच. मरण होतं ते ज्याच्याकडे फक्त जोतं आहे त्याचं.

‘फुकट’ या शब्दाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. आजच्या भावात एक लाख वीस हजारांत ते उभं राहत नाही. उरलेले पैसे तो माणूसच घालतो. बायकोचं डोरलं मोडतो, शेळ्या विकतो, सावकाराकडे जातो. माझ्या नोकरीत मी एकही घरकुल असं पाहिलं नाही की जे नुसत्या अनुदानावर पुरं झालं.

तुम्ही घरासाठी कर्ज काढलंत, ते कष्टानं फेडलंत, याबद्दल मला आदर आहे. त्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, हेही आपण मान्य करू. वीस टक्क्यांच्या टप्प्यातला नोकरदार ती पूर्ण घेत असेल, तर त्याचा वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास कर वाचतो. तीन वर्षांत एका घरकुलाएवढी रक्कम सरकारनं त्याच्या घरावर सोडलेली असते, आणि कर्ज तर पंधरा-वीस वर्षं चालतं. मीही ही वजावट घेतली आहे. त्यामुळे आपल्याला कुणी आळशी म्हटलं नाही आणि म्हणूही नये. तुमच्या आणि माझ्या निवृत्तिवेतनावरचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीपासून आणि जुलैपासून, वाढतो. सिमेंट महागलं की आपल्याला त्याची भरपाई असावी असं सरकार मानतं. धारूरच्या त्या बाईला मात्र २०१६ च्या भावात घर बांध म्हणतं. हा भेद तुम्ही मनात एकदा तोलून बघावा अशी माझी विनंती आहे.

आणखी एक. तुम्ही लातूरचे आहात, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्ही अनुभवली असणार. किल्लारी, सास्तूर, तो सगळा पट्टा दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली गाडला गेला. हजारो माणसं भूकंपानं मेली असं आपण म्हणतो, पण त्यांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी. त्यानंतर सरकारनं, जागतिक बँकेनं, देशभरातल्या संस्थांनी मिळून पन्नासहून अधिक गावं नव्यानं वसवली. तेव्हा लोकांना घरं द्यायची की नाही असा वाद कुणी घातला नाही. मराठवाड्यात त्याच बांधणीची घरं आजही उभी आहेत. तिथं राहणारा माणूस पक्कं घर मागतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं ती पहाट असते. त्याला मी हात पसरणं म्हणणार नाही.

प्रश्न : आधीच्या सर्वेक्षणात मोटारसायकल असल्यामुळे वडिलांचं नाव उडवलं. आता म्हणतात दुचाकी चालते. मग आमचं नाव आपोआप येईल का?
(सेनगाव तालुका, हिंगोली)

उत्तर : आपोआप येणार नाही. २०१८ च्या आवास प्लस सर्वेक्षणात दुचाकी, फ्रिज, लँडलाइन फोन यांपैकी काहीही असलं तरी कुटुंब बाद व्हायचं. २०२४ च्या नव्या निकषांत या तिन्ही अटी काढल्या आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजार केली. म्हणजे तेव्हा तुमच्यावर अन्यायच झाला होता. शेतमजुराच्या घरातली जुनी गाडी ही चैन नव्हती. तिच्याशिवाय त्याला दुसऱ्या गावच्या कामावर पोचताच येत नाही. पण जुनं बाद झालेलं नाव नव्या सर्वेक्षणात पुन्हा नोंदवावंच लागतं. ग्रामपंचायतीत जाऊन यादीत वडिलांचं नाव आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नसेल तर ग्रामसभेत तोंडी सांगून थांबू नका, इतिवृत्तात नोंद करायला लावा, आणि पंचायत समितीला लेखी हरकत द्या. यादीबद्दलच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर अपील समिती असते. अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू, पन्नास हजार किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, चारचाकी, घरात सरकारी नोकरी, यांपैकी काही असेल तर मात्र अजूनही नाव लागणार नाही.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर पंचनामा झाला, ‘अंशतः’ लिहिलं. आठ दिवसांनी ऊन पडलं आणि मागची भिंत सगळीच बसली. आता घरात राहता येत नाही. मंत्री आले तेव्हा पडलेल्या घरांना नवं घर देऊ म्हणाले होते. आमच्या खात्यात चार हजार आले.
(परंडा तालुका, धाराशिव)

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मन सुन्न झालं. आपल्याकडचं दगडमातीचं घर पाण्यात लगेच पडत नाही, हे इथल्या कुठल्याही गवंड्याला ठाऊक आहे. भिंत आतून पाणी पिते, माळवदाची माती भिजून जड होते, भिंतीला पोट येतं आणि वर ऊन तापलं की ती बसते. पंचनामा मात्र पाणी ओसरल्याबरोबर होतो. त्या दिवशी भिंत उभी असते, म्हणून ‘अंशतः’.

या एका नोंदीवर सगळं ठरतं. आपत्ती निवारण निधीच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आहेत. अंशतः पडझडीला, ती किमान १५ टक्के असेल तर, पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,००० आणि गोठ्याला ३,०००. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्याचा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. घरापुरतं बोलायचं तर पॅकेज केवढंही मोठं असो, तुमच्या पंचनाम्यावर ‘अंशतः’ आहे तोवर तुमच्या वाट्याला चार हजारच. मंत्र्यांनी दिलेला शब्द पूर्ण पडलेल्या घरांचा होता, आणि पूर्ण पडलं की नाही हे ठरवणारा कागद त्यांच्या येण्याआधीच लिहून झालेला होता.

फेरपंचनाम्याचा अर्ज तहसीलदारांकडे द्या. सोबत भिंत पडल्यानंतरचे फोटो जोडा, त्यात शेजारचं ओळखू येणारं काहीतरी, मंदिर, खांब, पाण्याची टाकी, दिसू द्या. पंचायत समितीच्या किंवा बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून घर राहण्यास योग्य नाही असा दाखला मिळवायचा प्रयत्न करा. पाचपन्नास घरं अशीच बसली असतील तर ग्रामसभेचा ठराव घेऊन एकत्र अर्ज करा. एकेकट्याचा अर्ज बाजूला ठेवणं सोपं जातं. आणि ढिगारा उचलायची घाई करू नका. थांबणं किती कठीण आहे याची मला कल्पना आहे, पण फेरपाहणी होईपर्यंत तोच तुमचा पुरावा आहे.

प्रश्न : आम्ही मागासवर्गीय. आजोबांपासून गायरानात राहतो. रमाई आवासमध्ये नाव येतं, पण जागा नावावर नाही म्हणून दरवेळी परत जातं. प्रत्येक निवडणुकीत जागा नावावर करून देऊ म्हणतात.
(परभणी जिल्हा)

उत्तर : हा शब्द मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकते आहे. कायद्याची बाजू आधी समजून घ्या. शासकीय जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं घरकुलासाठी नियमित करायचा निर्णय राज्यानं २०१८ मध्ये घेतला. गायरानाचं मात्र अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. पण त्याच निकालात अपवादही सांगितले आहेत, आणि सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेले पट्टे त्यांत येतात. म्हणून आजोबांच्या काळातला कुठलाही कागद, पट्टा, दंडाची पावती, घरपट्टी, नमुना ८ चा उतारा, जुनी मतदार यादी, काही म्हणजे काही टाकून देऊ नका. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, त्यात याच मराठवाड्यातली माणसं होती, आणि त्या वेळी तुरुंगात गेलेल्यांची नातवंडं आज जागेअभावी घरकुल परत जाताना बघतात. मला हे फार लागतं.

दुसरी वाट जागा विकत घेण्याची. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला पूर्वी पन्नास हजार होते, आता एक लाखापर्यंत मदत आहे. गावात तेवढ्यात जागा मिळते का, आणि तुमच्या वस्तीला कुणी विकतो का, हे दोन्ही प्रश्न खडतर आहेत. तरी चार-पाच कुटुंबांनी मिळून एखादा तुकडा बघितला तर जमल्याची उदाहरणं माझ्या डोळ्यांपुढं आहेत. तोवर ग्रामपंचायतीला गावठाण वाढीचा ठराव मागत राहा.

प्रश्न : मत मागायला येणाऱ्यांना घरकुलाबद्दल नेमकं काय विचारावं? सगळेच ‘एकही माणूस बेघर राहणार नाही’ म्हणतात.
(महाविद्यालयीन विद्यार्थी, अंबड)

उत्तर : ‘२०२२ पर्यंत सर्वांना घर’ हे वाक्य ऐकत तू मोठा झालास. ते साल गेलं, मुदत मार्च २०२४ पर्यंत वाढली, मग योजना २०२८-२९ पर्यंत गेली. त्यामुळे ‘घर देणार का’ असं विचारू नकोस, हो म्हणायला काहीच लागत नाही. आपल्या गटात दुसरा हप्ता किती जणांना मिळाला ते विचार. मंजुरी आणि पहिला हप्ता समारंभात दिला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते वीस लाख मंजुरीपत्रं आणि दहा लाख कुटुंबांना पहिला हप्ता असा कार्यक्रम झाला, तो टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याचा कार्यक्रम होत नाही, आणि घर तर त्यावरच उभं राहतं.

१,२०,००० चा दर वाढवायला तुमच्या पक्षानं कधी, कुठं मागणी केली, हेही विचार. सत्तेतल्यांना विचार आणि विरोधकांनाही, कारण हा दर टिकला त्या वर्षांत राज्यात सगळे प्रमुख पक्ष आळीपाळीनं सत्तेत बसून गेले आहेत. रमाईच्या लाभार्थ्यांनी आणखी एक विचारावं. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी लाडकी बहीणकडे वळवले, तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच, आपल्या संभाजीनगरच्या माणसानं, उघड नाराजी दाखवली होती. लाडक्या बहिणीला पैसे मिळालेच पाहिजेत. पण तिचं ज्या घरावाचून अडलंय, ते घर देणाऱ्या खात्यातूनच ते पैसे का घ्यावे लागले, याचं उत्तर उमेदवारानं द्यावं.

उत्तरं लिहून घे आणि तारीख टाक. तुमच्या गावातल्या प्रत्येक घरकुलाची स्थिती योजनेच्या आवाससॉफ्ट या पोर्टलवर कुणालाही बघता येते. तुम्ही मुलांनी गावाची यादी काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलीत, कुणाचा कितवा हप्ता कधी आला हे लिहून, तर पाच वर्षांतल्या कुठल्याही भाषणापेक्षा त्याचा गावाला जास्त उपयोग होईल.

प्रश्न : घरकुल आईच्या नावावर मंजूर होतं. स्लॅबपर्यंत काम झालं आणि ती वारली. राहिलेले पैसे बुडाले का?
(माजलगाव तालुका)

उत्तर : बुडाले नाहीत. मंजूर घरकुलाचे राहिलेले हप्ते कायदेशीर वारसाला मिळू शकतात. मृत्यूचा दाखला, वारसांचा कागद, बाकीच्या भावंडांची संमती आणि तुमचं आधार व बँक पासबुक जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. नोंदीत नाव बदलेपर्यंत आईच्या खात्यातून काही काढू नका आणि ते खातं बंदही करू नका, एखादा हप्ता वाटेत असेल तर तो तिथंच येईल. स्लॅबचा फोटो चढवलेला नसेल तर तेही याच फेरीत सांगा.